बॅट पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या नणंदबाईंनी आयुष्यात एकही वस्तू विकत आणलेली नाही. त्यांच्या घरात जे काही आहे ते सगळं त्यांनी आधी पाहिलं, मग त्याचं कूळ विचारलं, मग "कळवतो" असं सांगून दुकानदाराला टांगून ठेवलं, मग चार माणसं घेऊन दुसऱ्यांदा पाहिलं, आणि शेवटी नवी सून माप ओलांडून यावी तसं घरात आणलं. नाचणगावच्या त्यांच्या स्वयंपाकघरात जो कुकर आहे, तो घेण्याआधी त्याच जातीचा कुकर ज्यांच्या घरी नांदत होता अशा बायांकडे त्या जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येकीला एकच विचारलं होतं, स्वभावानं रागीट आहे का. छताचा पंखा पसंत करायला त्या भर मे महिन्यात, दुपारी जेवण झाल्यावर, ओळखीपाळखीच्या घरी जाऊन पंख्याखाली आडव्या होत. आमच्याकडचा मे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही पाहणी इतकी लांबली का, हे सांगावं लागणार नाही. पंखा अखेर ऑक्टोबरात आला. दाताच्या डॉक्टरचीही त्यांनी अशीच पाहणी केली. वर्ध्यातले एकेक दवाखाने धरून बाहेरच्या बाकावर बसायच्या, आतून येणारं ओरडणं ऐकायच्या आणि घरी येऊन तुलना करायच्या. कोणाकडचे पेशंट सगळ्यात कमी ओरडतात हे ठरेपर्यंत त्यांचा दुखरा दात कंटाळून आपणहून पडून गेला. निवडणूक आली की त्या उमेदवाराचं भाषण ऐकत नाहीत, त्याच्या घरी पाणी प्यायला जातात. पाणी कोण आणून देतं ते पाहतात. एकदा एका बऱ्या माणसाचं मत त्यांनी कापलं, कारण काय तर "घरवालीचं तोंड सुकेल हाय."

तर अशा आमच्या नणंदबाई. माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. सासूबाईंचे गुडघे लवकर गेले, त्यामुळे घरातल्या सगळ्या सोयरिकींची पाहणी कमी वयातच यांच्याकडे आली आणि ते खातं त्यांनी पुन्हा कोणाला दिलं नाही. कितीतरी मुली त्यांनी पाहिल्या. कोणाला चालवून, कोणाला सुईत दोरा ओवायला लावून, कोणाची वेणी खरी की गंगावन लावलेलं हे लाडानं पाठीवरून हात फिरवता फिरवता तपासून. त्यांच्या हातून पास झालेल्या सुनांपैकी मी एक.

माझ्या त्या परीक्षेबद्दल थोडं सांगते, कारण त्या दिवशीच्या माझ्यासारखी मूर्ख मुलगी माझ्या माहेरच्या आष्टी गावानं नंतर पाहिली नसेल. मी मॅट्रिक होते. दुसऱ्या प्रयत्नात झाले होते, पण त्यामुळे माझा तोरा कमी झाला नव्हता, उलट दुप्पट अभ्यास झाल्यासारखा वाढला होता. लाजायचं कसं याची मी आठवडाभर आरशासमोर तालीम केली होती. मान किती खाली, पापणी कधी वर. मामीची मोतिया रंगाची साडी नेसले होते, तिच्या निऱ्या मला झेपत नव्हत्या, आणि चालून दाखव म्हटल्यावर मी अशी काही चालले की पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं पायाला लागलंय का म्हणून विचारलं. मग मी अभंग म्हटला. वरच्या पट्टीत सुरू केला आणि तिथंच अडकून पडले. तरी होकार आला. पुढं कित्येक वर्षं मी मनातल्या मनात समजून होते की होकार माझ्या डोळ्यांना आला. आवाजाला तर नक्कीच नव्हता. मग एकदा पापड लाटता लाटता नणंदबाई सहज बोलून गेल्या की पाहुणे उठल्यावर त्या हात धुवायला मागल्या दारी आल्या होत्या, तेव्हा मी चुलीपाशी बसून उरलेले पोहे कढईतूनच खात होते. "तवाच म्हनलं, पोरगी खातेपिते, घरात टिकन." इतकी वर्षं डोळ्यांत काजळ घालायचे कष्ट मी फुकट घेतले.

आता बॅटीकडे येते. माझी नात सहावीत आहे आणि सॉफ्टबॉल खेळते. हा खेळ मला अजून पुरता कळलेला नाही. समोरची मुलगी हात खालून फिरवून एक भला मोठा पिवळा चेंडू टाकते, आपल्या मुलीनं तो बॅटीनं मारायचा आणि मग जीव घेऊन पळत सुटायचं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि शेवटी जिथून निघालो तिथंच परत यायचं. हे तर मी लग्न झाल्यापासून करते आहे. फक्त माझ्या वेळी कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

नातीची अडचण अशी होती की शाळेच्या बॅटी मोठ्या मुलींच्या मापाच्या. तिच्या हाताला जड. ती फिरवेपर्यंत चेंडू मागच्या मुलीच्या हातात जाऊन बसायचा. शाळेतल्या सरांनी तिला सांगितलं होतं की तुझी नजर चांगली आहे, पळतेस चांगली, हाताजोगी बॅट मिळाली तर जिल्ह्याच्या संघात तुझी निवड होऊ शकते. निवड पुढच्याच्या पुढच्या रविवारी होती. पोर बोलत काही नव्हती, पण रोज संध्याकाळी अंगणात पऱ्हाटीची एक सरळ काडी घेऊन फिरवत राहायची. कापसाच्या झाडाची ती वाळकी काडी इतकी सुरेख फिरायची, सूंऽ करून आवाज यायचा. मी भाजी निवडत तो आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, ही काडी जर मैदानात चालती, तर आमची पोर देशाच्या संघात असती.

सुनेनं रात्रीच्या जेवणाला सांगितलं की मोबाइलवरून मागवू, चार दिवसांत दारात येईल. नेमक्या नणंदबाई मुक्कामाला होत्या. नाचणगाव ते पुलगावातलं आमचं घर हे अंतर इतकं कमी आहे की मुक्कामाची काही गरज नसते, पण ऑटो पसंत पडला नाही तर त्या राहून जातात. त्यांचा घास हातात राहिला.

"न पाहता?"

सुनेनं फोटो दाखवला. नणंदबाईंनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला आणि परत केला.

"फोटोत तं कोनीबी गोरंच दिसते. इच्या घरच्यायले कोनी वयखते का? उद्या वाकडी निंघाली तं कोनाच्या दारात जाऊन बसशीन?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी वरणात लिंबू पिळत होते आणि ते काम अचानक फार बारकाईचं झालं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, आठवडाभर दोघांनाही सुट्टी नाही, तेव्हा ठरलं असं की आम्ही दोघींनी वर्ध्याला जाऊन बॅट आणायची. म्हणजे सून 'आणायची' म्हणाली. नणंदबाई 'पाहाची' म्हणाल्या. या दोन शब्दांत किती दिवसांचं अंतर असतं ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

सकाळी नात बूट घालून, वेण्या घालून पायरीवर तयार बसली होती. शाळेत पोटदुखीची चिठ्ठीही देऊन ठेवली होती म्हणे मैत्रिणीकडे.

"तू कुठं चालली वं?" नणंदबाईंनी विचारलं.

"बॅट घ्यायला."

"पयल्या पाहनीले नवरदेव जात असते का? आधी मोठे मानसं पाहून येतात. जाय, शाळेत जाय."

आमच्याकडची रीत तशीच होती. पहिल्यांदा वडीलधारे जाणार, त्यांना पटलं तर दुसऱ्या खेपेला मुलगा. आणि बऱ्याच वेळा दुसरी खेप साक्षगंधाचीच, म्हणजे साखरपुड्याचीच असायची. नात माझ्याकडे बघत होती. मी काही बोलायला हवं होतं हे आज मला दिसतं, पण तेव्हा मी कुठली साडी नेसावी या विचारात होते. एवढ्या आयुष्यात मी पाहणाऱ्यांच्या बाजूला कधी बसले नव्हते. नणंदबाई मला कधी नेतच नसत. म्हणत, तू लवकर हो म्हणतेस. आज पहिल्यांदा मला मान मिळत होता, तोही बॅट पाहण्याचा. मी नारंगी काठाची नेसले आणि बुटाचे बंद सोडणाऱ्या नातीला "येताना गोरसपाक आणते" असं सांगून निघाले. गोरसपाक म्हणजे वर्ध्याची तुपातली बिस्किटं. जगातल्या कुठल्याही अन्यायावर ती पुरतात असा आमच्या पिढीचा समज आहे.

वर्ध्याचं ते खेळाच्या सामानाचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, वर जाळीत टांगलेले फुटबॉल आणि खाली गालात तंबाखूचा खर्रा धरून बसलेले मालक. नणंदबाईंनी आधी खुर्ची मागितली. मग पाणी मागितलं. पाणी कोणी आणलं ते पाहिलं. मालकांनी स्वतःच आणलं, तो एक गुण मिळाला. मग सांगितलं की पोरी एकेक करून आणा, एकीसमोर दुसरी आणू नका, मन फिरते. मालकांना आधी वाटलं की काही घरगुती भानगड आहे. मी मध्ये पडून बॅट म्हणाले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी पहिली बॅट आणली. गुलाबी होती.

"रंगानं बरी हाय. कुठची?"

"मेरठची आहे आजी."

"इतल्या दूरची? मंग काही झालं तं माहेरी कोन पोचवन?"

मालकांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि सांगितलं की न वापरता आठ दिवसांत आणून दिली तर ते बदलून देतील. "म्हंजे परत घेता," नणंदबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा वळल्या जशी ही फार मोठ्या मनाची माणसं आहेत. मग त्यांनी बॅट जमिनीवर सोडून चालवून पाहिली. खरंच. दुकानाच्या फरशीवर आडवी ठेवून पायानं ढकलली आणि ती सरळ जाते की लंगडते ते वाकून पाहिलं. गुलाबी डावीकडे गेली. बाद. दुसरी बोटानं वाजवली, आवाज किरकिरा आला. बाद. तिसरीच्या मुठीला रबराची पट्टी होती, तिच्याखाली काय लपवलंय म्हणून ती नखानं उचकटायला निघाल्या, तेव्हा मालकांनी अतिशय आदरानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. चौथी राखाडी, किडकिडीत, एका बाजूला रंग टवकलेली. ती तर त्यांनी हातातही घेतली नाही. "हे काय, इच्या अंगावर मांस नाई. घरात दुस्काळ होता का?" मधल्या काळात मालक दोनदा म्हणाले, मुलीला आणलं असतं तर तिच्या हातात देऊन पाहिली असती. नणंदबाईंनी त्यांना समजावून सांगितलं की पोरीले काय समजते. मी मान डोलावली. मला त्या दुपारी मान डोलावण्याचाच मान होता आणि मी तो पुरेपूर वापरला.

अखेर पसंत पडली ती काळी, सोनेरी पट्ट्याची. भरल्या अंगाची. हातात घेतली की काहीतरी घेतलंय असं वाटायचं. चालवली तर सरळ गेली, वाजवली तर टण्ण बोलली. नणंदबाईंनी नातीच्या उंचीचा दोरा घरून मापून आणला होता, तो बॅटीला लावून पाहिला. त्यातून काय निघालं ते मला कळलं नाही, बहुतेक त्यांनाही नसावं, पण लावला. मग कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढून बॅटीच्या कपाळाला बोट लावलं. बॅटीचं कपाळ कुठं असतं हे तोपर्यंत मालकांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बॅट घरी आणली ती मिरवतच. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. नात धावत आली. दोन्ही हातांनी तिनं ती घेतली आणि तिची मनगटं एकदम खाली गेली, पाण्याची बादली अचानक कोणी हातात द्यावी तशी. लगेच तिनं सावरली. आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. आम्ही दोघी तिच्यापेक्षा जास्त हसत होतो.

"छान आहे," ती म्हणाली. "चालेल."

आणि अंगणात गेली. खिडकीतून आम्ही पाहत होतो. तिनं बॅट खांद्यावर घेतली, फिरवली, आणि बॅटीनंच तिला अर्धं फिरवलं. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. मग बॅट भिंतीला अलगद टेकवून, वरचं प्लास्टिक सरळ करून, ती पायरीवर बसून गोरसपाक खाऊ लागली. पऱ्हाटीची काडी तिथंच पडली होती. तिला तिनं हात लावला नाही.

मी चहा टाकला. नणंदबाई खिडकीतून हलल्या नव्हत्या.

"काय म्हनली ते?"

"छान आहे म्हणाली."

"त्याच्या बादचं."

"चालेल म्हणाली."

त्यांच्यापुढचा चहा निवून गेला. हे माझ्या आठवणीत पहिल्यांदाच झालं, कारण चहा त्या नेहमी चुलीवरून उतरायच्या आधीच मागतात. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, खिडकीशी. म्हणाल्या की माहेरी, रोहण्याच्या वावरात कापूस वेचत होत्या, कमरेला बांधलेली ओटी भरत आली होती. वडील बाजारातून परत आले, बैल सोडता सोडता आईला म्हणाले, पोरीचं जमलं. कोणाशी जमलं ते त्यांना हळद लागली तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या बोलण्यातून समजलं. अंतरपाट निघाला तेव्हा माणूस दिसला.

"मानूस चांगला होता वं," त्या म्हणाल्या. "मले इचारलं असतं तरी मी त्यालेच हो म्हनलं असतं. पन इचारलं असतं तं."

त्या उठून पाणी प्यायला गेल्या. मी इतकी वर्षं समजत होते की या बाईला दुसऱ्याच्या पोरी उलटसुलट करून पाहण्याची हौस आहे. त्यावर मी किती विनोद केले, माहेरी जाऊन त्यांची नक्कल करून किती चिवडा संपवला. आणि इथं सगळ्या घराण्याच्या पोरी पाहत फिरणारी ही बाई स्वतः मात्र कोणी न पाहताच दिली गेलेली. परत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या आणि आवाज नेहमीचा झाला होता. "'चालेल' म्हनते ते सोयरीक मोडावं. उद्या चाल. पोरीले घे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्धा. या वेळी नात मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना, आणि काळी बॅट सासरहून परत येणाऱ्या मुलीसारखी पिशवीत मान खाली घालून. बसमध्ये नणंदबाईंनी नातीला विचारलं की बॅट हाताजोगी आहे हे ओळखायचं कसं. नातीनं लगेच सांगितलं. सरांनी शिवजयंतीच्या आधीच शिकवलं होतं. एका हातात धरायची, हात बाजूला सरळ लांब करायचा आणि तसाच धरून राहायचं. हात थरथरायला लागला तर जड. एवढंच. आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखं बरंच काही असल्यासारखं आम्ही पाहिलं.

दुकानापाशी आल्यावर नणंदबाईंनी काळी बॅट मालकांच्या हवाली केली, "पोरीत दोष नाई, पत्रिका जुळली नाई" असं सांगितलं, म्हणजे मालकांच्या जिवाला लागू नये. मग नातीला आत पाठवलं आणि मला दंडाला धरून बाहेरच्या पायरीवर बसवलं. दुकानाकडे पाठ करून. मी वळून पाहायला लागले तर माझं डोकं धरून पुन्हा रस्त्याकडे केलं.

"आपले तोंडं पाहून पसंत करते ते. बस अशीच."

दोन म्हाताऱ्या भर बाजारात दुकानाला पाठ करून बसलेल्या. रस्त्यावरून जाणारी एक ओळखीची बाई थांबली, इथं काऊन बसून राह्यल्या म्हणून विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, पाहणी चालू आहे. मागून सूं असा आवाज यायचा, मग थांबायचा, मग दुसरा सूं. प्रत्येक आवाजाला नणंदबाईंचे खांदे किंचित वळायचे आणि त्या ते परत सरळ करायच्या. ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला स्वतःहून निवडू दिलं नाही, त्यांची ती तपश्चर्या मी मांडीला मांडी लावून पाहत होते. मला हसू येत होतं, आणि हसताही येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं नात बाहेर आली. हातात राखाडी, किडकिडीत, रंग टवकलेली.

"मला ही."

नणंदबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बॅटीकडे पाहिलं. मांस, दुष्काळ, टवका, सगळं त्यांच्या जिभेपर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं.

"तुले पसंत हाय नं?"

"हो."

"मंग झालं."

इतक्या कमी शब्दांत त्यांनी ठरवलेली ही एकमेव सोयरीक. कुंकवाची डबी मात्र बाहेर आलीच.

निवडीच्या रविवारी संध्याकाळी सरांनी नावं वाचली आणि त्यात आमच्या पोरीचं नाव होतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुमचा जीव तिकडेच राहील. माझाही राहिला होता. कारण ते नाव आमच्या नणंदबाईंनी जवळजवळ घालवलं होतं.

त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. नात बॅट घेऊन उभी राहिली. पहिला चेंडू तिनं सोडला. दुसरा आला आणि ती राखाडी काडी अशी फिरली की टक् असा कोरडा आवाज झाला आणि चेंडू पोरींच्या डोक्यावरून गेला. नातीनं तिथल्या तिथं बॅट टाकली आणि पळत सुटली. या खेळात तसंच करायचं असतं. पण हे नणंदबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. मी वळून पाहते तर खुर्ची रिकामी. बाई थेट मैदानात पोचल्या होत्या, वाकून बॅट उचलली होती आणि पदरानं तिची माती पुसत होत्या. शिट्टी वाजली. सगळा खेळ थांबला. पंच धावत आले, त्यांना त्या म्हणाल्या, "घरच्या पोरीले असं मातीत टाकून जाते का कोनी?"

पंचांनी सरांशी बोलून सांगितलं की बाहेरचं माणूस आत आलं, तो फटका धरता येणार नाही, मुलीनं परत येऊन पुन्हा मारावा. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचलेली नात परत आली. धापा टाकत होती. नणंदबाईंच्या हातातून तिनं बॅट घेतली. रागावली नाही. फक्त म्हणाली, "आत्याआजी, ती मी टाकणारच आहे. तुम्ही नका उचलू."

मी त्यांना हाताला धरून परत आणलं. त्या खुर्चीत बसल्या त्या एकदम लहान दिसायला लागल्या. तसा फटका पुन्हा बसेलच असं नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. चेंडू आला, गेला. नातीनं फिरवली, लागली नाही. नणंदबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आहे. ऑपरेशन राहिलंय, कारण डॉक्टर अजून पाहणं चालू आहे. पुन्हा चेंडू आला आणि टक् झालं.

"लागला का?"

"लागला बाई."

"कुठं गेला?"

"लांब."

"किती लांब?"

मी हात डोळ्यांवर धरून पाहत होते. मैदानाच्या पलीकडे उन्हात सगळं पांढरं झालं होतं. "आता मलाही दिसत नाही," मी म्हटलं.

नात पळत होती. बॅट तिनं टाकलेल्या जागी मातीत पडली होती, राखाडी, उन्हात चमकत. नणंदबाईंना दुसरं काही दिसत नसलं तरी ती दिसत असावी, कारण त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती आणि पाय खुर्चीखाली चुळबुळत होते. माझ्या मनगटावरची त्यांची पकड दुखायला लागली होती. मग आमच्या सगळ्या घराण्याच्या गोष्टी ठरवणारी ती बाई माझ्याकडे वळली आणि बारक्या आवाजात म्हणाली,

"आता जाऊ का आनाले?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारून करायला घेतलेली ही पहिली गोष्ट.

"थांबा बाई," मी म्हटलं. "तिची ती येईल घ्यायला."

त्या थांबल्या. मीही थांबले. ऊन बरंच होतं, आणि पोर अजून पळतच होती.